शिवाची ओटी

यशोदा गेली श्रावणात. मार्गशीर्ष उजाडला तरी शिवाच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. गावाचं काय, रडलं तरी गाव बोलतं आणि न रडलं तरी बोलतं. ‘रातभर बायल होऊन रडता, पण सोताच्या बायलेसाठी रडाक येना नाय तेका,’ असं कुणीतरी तिठ्यावर म्हणालं. ते फिरत फिरत शिवाच्या कानापर्यंत आलं आणि कानापाशीच थांबलं. आत काही गेलं नाही.

शिवा दशावतारी नाटकात बायकांची कामं करायचा. दशावतारात बाई नसतेच. राणी म्हणा, देवी म्हणा, दासी म्हणा, सगळे मिशी भादरलेले पुरुष. शिवाचं वय सेहेचाळीस, अंग शेलाटं, आणि केस स्वतःचे, कमरेपर्यंत. बाकीचे टोप घालत. शिवा आपल्याच केसांचा अंबाडा बांधी, त्यावर अबोलीचा वळेसर माळी, आणि चालायला लागला की आचऱ्यापासून देवगडापर्यंतच्या बायका म्हणत, ‘ह्येच्याकडसून शिका गो पदर घेवक.’

याच केसांवरून गाव त्याच्यावर नाराज होतं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे यशोदेला अग्नी शिवानंच दिला. अग्नी देणाऱ्यानं केस उतरवायचे, हा रिवाज आजचा नाही. शिवा भटजींसमोर बसला, मान खाली घातली आणि म्हणाला, “केस काढूचंय नाय.” का, ते सांगितलं नाही. भटजींनी एक बट कापून विधी कसाबसा उरकला. गावानं अर्थ काढला तो सोपा होता: पोटापुढे बायको हलकी.

खरं कारण शिवाला आणि शेजारच्या काशीबाईला, दोघांनाच ठाऊक होतं. मुंबईच्या इस्पितळातल्या औषधांनी यशोदेचे केस गेले होते. परत आली तेव्हा डोक्यावर नुसती खुरटी लव. डोक्याला फडकं बांधून ती घरातच राहिली. ते फडकं सुटलेलं गावात कुणी पाहिलं नाही. नऊवारी लुगड्याचा भार अंगाला सोसेना, म्हणून काशीबाईच्या भाचीनं मुंबईहून दोन मॅक्स्या पाठवल्या. पहिल्या दिवशी यशोदा लाजून दाराआड उभी राहिली. “काय ह्यां गो बाये, खोळ घातल्यासारख्यां दिसता,” म्हणाली, आणि मग वर्षभर त्या दोन खोळींतच राहिली. शेवटच्या आठवड्यात तिनं शिवाला पायरीवर बसवलं आणि त्याच्या केसांना तेल लावलं. हातांत जोर नव्हता, तरी वीस वर्षांचा नेम तिला मोडायचा नव्हता.

“माजे गेले ते गेले,” ती म्हणाली. “तू माज्या बाराव्याक केस काढू नको. घरात एकाचे तरी रवांदेत.”

शिवा म्हणाला, “बरां.” हे बाहेर सांगायचं तर तिच्या उघड्या डोक्याचं सांगावं लागणार. तेव्हा तो गप्प राहिला.

तिची निळ्या फुलांची मॅक्सी मागच्या पडवीत दोरीवर तशीच होती. ज्या सकाळी ती गेली, त्या सकाळी काशीबाईनं वाळत घातलेली. तिची लुगडी शिवा कामाला वापरी, पेटीत घडी करून नेई, नेसे, फेडी, त्याचं त्याला काही वाटत नसे. त्या मॅक्सीला मात्र त्यानं चार महिने हात लावला नव्हता. तिच्याखालून वाकून तो न्हाणीकडे जाई.

तर मार्गशीर्षात सातेरी देवीची जत्रा आली, आणि जत्रेला जोडून तीन दिवसांचं कीर्तन. हे कीर्तन म्हणजे भाई मास्तरांची हौस. भाई मास्तर देवस्थान कमिटीचे अध्यक्ष, शाळेतून निवृत्त, आणि निवृत्त मास्तराला सुधारायला वर्ग उरला नाही की तो गाव घेतो. त्यांनी सांगलीकडून वामनबुवांना बोलावलं. बुवांचा आवाज खणखणीत, अंगरखा शुभ्र, आणि बोलायला लागले की धाक असा की पोरं रडायची थांबत. बुवा जत्रेच्या संध्याकाळीच आले. रात्री देवळापुढे दशावतार होता, पण नाटक बघतो म्हणाले नाहीत, उलट कानाला उपरणं गुंडाळून धर्मशाळेत झोपले.

नाटक संपलं तेव्हा फटफटलं होतं. दहीकाला झाला, माणसं पांगली. शिवा नेसत्या लुगड्यानंच देवळामागच्या तळीवर गेला आणि तोंडाचा रंग धुतला. यशोदेचं हिरवं लुगडं, लाल काठाचं. तिथे पायरीवर कुणाची तरी कळशी होती. ती त्यानं भरून घेतली आणि देवळासमोरच्या तुळशीला पाणी घालायला निघाला. यशोदा रोज घालायची. आपण हे का करतोय, असा विचार त्याच्या मनात आला नाही. गेल्या चार महिन्यांत तो पुष्कळ गोष्टी अशाच करत होता, हात करत होते आणि तो बघत होता.

समोरून परका पुरुष आला. शिवाचा पदर आपोआप डोक्यावर गेला, नजर पायांकडे, आणि तो वाट सोडून कडेला उभा राहिला. वीस वर्षं मुरलेली सवय ती. बुवा स्नानाला निघाले होते. ते क्षणभर थांबले, हात वर केला आणि म्हणाले, “अखंड सौभाग्यवती भव.”

शिवानं खाली वाकून नमस्कार केला. मग तुळशीला पाणी घालून तो घरी जाऊन झोपला.

कीर्तन दुपारी चारला सुरू व्हायचं, म्हणजे बायका दिवेलागणीला घरी. पहिल्या दिवशी मंडप भरला. शिवा खांबाला टेकून बसला होता, अंबाडा बांधलेला, अंगात सदरा. घरी बसलं काय आणि इथे बसलं काय, त्याला सारखंच होतं.

“आमच्या आया पहाटे उठून सडा घालत,” बुवांनी चिपळ्या थांबवल्या. “आजच्या आया पहाटे उठून काय घालतात? मॅक्सी! ना लुगडं, ना परकर, ना गोणपाट! ती घालून दारात दूध घेतात, ती घालून दुकानात जातात. मुली सलवारी घालून सायकलवर, मुलगे केस वाढवून कट्ट्यावर. मागून हाक मारायची तर दादा म्हणावं की ताई, सांगा!”

मंडप खो खो हसला. मॅक्सीवाल्या हसल्या, केसवाले हसले. आपल्याला लागलंय हे कळू नये म्हणून माणूस सगळ्यांत मोठ्यानं हसतो.

“हसू नका,” बुवा म्हणाले. “बाईचे केस म्हणजे तिचं सौभाग्य. ज्या बाईनं केस उतरवले, तिनं घराची कळा उतरवली. ज्या बाईनं लुगडं टाकलं, तिनं लाज टाकली.”

काशीबाईनं वळून शिवाकडे पाहिलं. शिवा समईच्या वातीकडे बघत होता. आपल्याला राग यायला हवा, हे त्याला समजत होतं. तो वाट बघत राहिला, पण राग काही आला नाही.

बुवांची नजर फिरत फिरत खांबापाशी आली. “आणि ते अंबाडावाले गृहस्थ कोण?” भाई मास्तर उठून बुवांच्या कानाशी लागले. स्त्रीपार्टी, बायको वारली, अग्नी दिला, केस दिले नाहीत. सगळं दोन मिनिटांत सांगून मोकळे झाले. बुवांचा चेहरा उतरला, आवाजही खाली आला, आणि ते आरड्याओरड्यापेक्षा वाईट होतं.

“ज्या माणसाला बायकोसाठी चार केस देववत नाहीत, त्याच्याबद्दल मी काय बोलू? परवा काल्याच्या कीर्तनाआधी देवीच्या दारात नाभिक बसवा. ज्यांनी ज्यांनी बायकी केस वाढवलेत, त्यांनी ते इथे ठेवावेत. यांनी सर्वांत आधी.”

रात्र पडायच्या आत भाई मास्तर शिवाच्या अंगणात आले. शाळेत बोलत तसं शुद्ध बोलायचं ठरवून आले होते, ते पायरीवर चढेपर्यंत टिकलं. “शिवा, तुका वायट वाटान घेव नको. पण पुढच्या जत्रेक तुमच्या कंपनीक बोलवचां की नाय, तां कमिटीन ठरवचां आसा. तू केस दिलंस तर माका बोलाक तोंड ऱ्हवात.”

“बरां,” शिवा म्हणाला.

भाई मास्तर तयारीनं आले होते. चार मुद्दे, दोन दाखले, एक धमकी. एकाही गोष्टीची गरज पडली नाही, त्यामुळे ते थोडे खट्टूच झाले.

ते गेल्यावर काशीबाई दोन अंगणांमधल्या कुंपणावरून, कुडणावरून ओरडली. “बरां? तिका काय सांगलं होतस तू? तिकाय बरांच म्हटलं होतस मां?”

शिवानं दोघांनाही बरां म्हटलं होतं, हे खरंच होतं. एकीचं राखायचं तर मोडायचं दुसऱ्याचं, हे त्याला दिसत होतं, पण कुणा तिसऱ्याच्या घरातलं भांडण दिसावं तसं. तो मॅक्सीखालून वाकून न्हाणीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी बुवा प्रसन्न होते. पूर्वरंग संपवताना त्यांनी हात जोडले. “काल मी फार टाकून बोललो. पण या गावात सगळंच बुडालं नाही हो. काल पहाटे तळीवर मी एक माउली पाहिली. हिरवं लुगडं, लाल काठ. कमरेवर कळशी. परपुरुष दिसताच पदर डोक्यावर, नजर पायाशी. आणि तिची ती चाल! पाऊल पडतंय ते जमिनीला सुद्धा कळू नये. मी मनात म्हटलं, वामना, तुझी आई अशीच चालायची. मुलींनो, तिला शोधा. तिच्याकडून शिका.”

आधी मंडपात काही हललं नाही. मग बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन आवाज केला, आणि तो आवाज दाबता दाबता ओळीच्या ओळी हलायला लागल्या. पदर तोंडात, डोळ्यांत पाणी. हिरवं लुगडं, लाल काठ, जत्रेची पहाट. न कळायला गावात कोण दूधखुळं होतं? बुवांना वाटलं, बाया गहिवरल्या.

“उद्या त्या माउलीची इथे, सर्वांसमोर, खणानारळानं ओटी भरायची,” बुवांनी जाहीर केलं. “खण-नारळ माझ्या बिदागीतून.”

भाई मास्तरांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला. इकडे आड, तिकडे विहीर. ज्याचे केस उद्या कापायचे, त्याचीच उद्या ओटी भरायची, हे बुवांना सांगणार कोण?

शिवा हसला नाही. घरी जाताना त्याच्या डोक्यात एकच वाक्य होतं. ‘पाऊल पडतंय ते जमिनीला सुद्धा कळू नये.’ ती चाल त्याची नव्हतीच. लग्न झालं तेव्हा तो रंगात नवा होता, बाई म्हणून चालायला गेला की लोक शिट्ट्या घालायचे. यशोदेनं एकदाच नाटक पाहिलं आणि घरी आल्यावर पोट धरून हसली. मग तिनं त्याला रोज सकाळी तळीच्या वाटेवर आपल्या मागोमाग चालायला लावलं, एक कळशी तिच्या कमरेवर, एक त्याच्या. पहिलं वर्षभर त्याची कळशी अर्धी सांडायची. ‘टाच नाय रे, चवडो आदी,’ ती मागे न बघता सांगायची. अख्ख्या जिल्ह्यानं त्या चालीला टाळ्या दिल्या आणि ती चाल कुणाची, हे कुणी कधी विचारलं नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी यशोदेची वाखाणणी केली होती. आणि केली कुणी, तर त्या बुवांनी.

हे शिवाला कळलं. छातीत कुठेतरी मुंग्या आल्यासारखं झालं, पाय आखडून बसल्यावर येतात तशा. मग तेही थांबलं.

तिसऱ्या दिवशी गंगाराम न्हावी आपली पेटी घेऊन मंडपाच्या कडेला बसला. मुंबईहून जत्रेला आलेले दोन केसाळ पोरगे सकाळच्याच एस्टीनं पळाले होते. उरला शिवा. तो वेळेवर आला, पाटावर बसला आणि त्यानं अंबाडा सोडला. केस पाठीवरून पाटाखाली उतरले. गंगारामनं त्याच्या गळ्याभोवती पांढरं धडपं बांधलं. त्याचा हात चालेना, म्हणून त्यानं कानापाशीची एकच बट घेतली आणि कातर लावली. बट धडप्याच्या चुणीत पडून अडकली.

“थांबा,” बुवा म्हणाले. “आधी मंगल. ओटी होऊ द्या. ती माउली आली का, भाई?”

भाई मास्तरांनी तोड काढली होती. शेवटी मास्तरच ते. खालच्या वाडीतल्या राधाबाईला त्यांनी पढवून, हिरवं लुगडं नेसवून पहिल्या ओळीत बसवलं होतं. राधाबाई उठली. चांगली दणदणीत बाई, शेतावर चार पुरुषांचं काम करणारी. ती धाप धाप करत पुढे आली आणि तिनं पदर पसरला. काशीबाईच्या हातात ताट दिलेलं होतं: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. काशीबाई हललीच नाही.

शिवा बघत होता. यशोदेची ओटी राधाबाईच्या पदरात पडणार होती. एवढंच त्याला दिसलं, आणि या खेपेला ते कानापाशी थांबलं नाही.

“ही नव्हे,” बुवा कपाळाला आठ्या घालून म्हणाले. “हिची ती चाल नव्हे.”

“ती हयसर आसा, बुवा,” शिवा म्हणाला.

तो पाटावरून उठला. केस मोकळे, गळ्याभोवती न्हाव्याचं धडपं. त्या धडप्याचं टोक त्यानं डोक्यावर घेतलं, नजर खाली केली आणि मंडपाच्या कडेपासून बुवांपर्यंत चालत आला. आधी चवडा, मग टाच. कुणी हसलं नाही. बुवांच्या हातातल्या चिपळ्या हळूहळू खाली आल्या.

“तुम्ही?” बुवा म्हणाले. “ही फसवणूक आहे.”

“मियां तुमका फसवूक नाय. मी पाणी घालूक गेललंय.” शिवाचा आवाज नेहमीसारखाच होता, सपाट. “पण तुमी बघलात ती मी न्हयच. ती माजी बायल, यशोदा. लुगडां तिचां, चाल तिची. तिणाच माका शिकवलेली. ती श्रावणात गेली.”

शिवानं डोक्यावरचं धडपं मागे सारलं.

“आणि एक आयका. तुमी म्हटलात, केस उतरवलेली बाई आणि मॅक्सी घातलेली बाई. ती शेवटचां वरीसभर मॅक्सीच घालायची. लुगडां पेलत नाय होतां तिका. डोक्यार एक केस ऱ्हवलो नाय होतो. औषदान गेले. म्हणान तिणा माका सांगलां, तू तुजे काढू नको, घरात एकाचे तरी रवांदेत. परवा तुमी बोललात ती पण तीच, आणि काल बोललात ती पण तीच.”

बोलून झालं आणि शिवाला भीती वाटली. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे. जे फडकं तिनं वर्षभर कुणापुढे सुटू दिलं नाही, ते आज त्यानं भर मंडपात सोडलं होतं. यशोदा रागावली असती. चांगली दोन दिवस बोलली नसती.

काशीबाई ताट घेऊन पुढे आली. “बुवा, भरू मां ओटी?”

बुवा तिच्याकडे बघत नव्हते, शिवाकडेही नाही. त्यांनी फक्त मान हलवली. ती होकाराची होती की काय, यावर गावात पुढे बरेच दिवस वाद झाला, पण काशीबाई थांबली नाही. ती शिवासमोर उभी राहिली.

“मियां घेव कशी?” शिवा हळूच म्हणाला. “मी विधुर माणूस.”

“तुका कोण देता मेल्या? ती सवाशीण गेली. तिची तिका पोचय.”

शिवानं गळ्यातल्या धडप्याचा पदर केला आणि पुढे धरला. काशीबाईनं खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळी ओंजळीनं तांदूळ घातले. कापलेली बट त्या तांदळांत मिसळून गेली. गंगारामनं कातर पुसून पेटीत टाकली आणि कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाला, “माजो आज हात दुखता.”

बुवांनी कीर्तन पुरं केलं. आवाज लागला नाही. मुलींच्या सलवारींवर ठरवलेला भाग त्यांनी घेतला नाही, आणि मॅक्सीचं नावही काढलं नाही. प्रसाद न घेताच ते संध्याकाळच्या गाडीनं गेले. ते बदलले असं म्हणायला काही पुरावा नाही. पुढच्या गावी कदाचित तेच बोलले असतील.

शिवा घरी आला तेव्हा उन्हं माडांच्या शेंड्यांवर होती. ओटी त्यानं देवापुढे ठेवली. मग मागच्या पडवीत गेला. मॅक्सीखालून वाकायला गेला आणि थांबला. दोरीवरून त्यानं ती काढली. चार महिन्यांत धूळ बसली होती, उन्हाच्या बाजूची फुलं विटली होती. त्यानं ती झटकली, घडी घातली आणि मांडीवर घेऊन पायरीवर बसला.

तेलाची वाटी शेजारी होती. केसांत तांदूळ अडकले होते, ते एकेक करून त्यानं काढले. मग तेल तळहातावर घेतलं आणि हात मागे नेला. मानेपर्यंत जमलं. त्याच्या खाली, पाठीवरच्या केसांपर्यंत, हात काही पोचेना. वीस वर्षांत हे त्याला स्वतःला कधी करावं लागलं नव्हतं.

“मागे हात पावना नाय गो,” तो म्हणाला.

उत्तर आलं नाही, आणि मग तो रडला. मॅक्सीत तोंड खुपसून, मोठ्यानं, रंगात कधी रडला नव्हता असा ओबडधोबड. कुडणापलीकडे काशीबाईला ऐकू गेलं. ती उठली, पण गेली नाही. थोड्या वेळानं आवाज थांबला, तेव्हा ती हात धुऊन त्याच्या पायरीवर आली आणि म्हणाली, “सरक जरा, तेल दी हय.”